शिकाऊ उमेदवारी आणि शाळा : दोन्हींचा मेळ कसा घालावा?



दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली की आम्हा शिक्षकांचे पहिले काम ठरलेले असते. नववी-दहावीची हजेरी घेताना कोणाच्या नावाला उत्तर आले नाही, त्यांची आम्ही यादी करतो. काही मुले जळगाव, धुळे, नंदुरबारकडे गावी गेलेली असतात व चार दिवस उशिरा येतात. त्यांची काळजी नसते. पण काही मुले सुरतेतच असून येत नाहीत. शेजारच्या मुलाला विचारावे तर तो सांगतो, "सर, तो खात्यावर लागला."

काही वर्षांपूर्वी नववीतला असाच एक मुलगा होता. वडील लूमवर बारा तासांची पाळी करायचे. आजारपणामुळे ते घरी बसले आणि मुलगा एम्ब्रॉयडरीच्या खात्यावर रात्रपाळीला जाऊ लागला. सुरुवातीला तो सकाळी शाळेत यायचा आणि बाकावर डोके ठेवून झोपायचा. आम्ही त्याला रागावलो. पुढे तो यायचाच थांबला. आम्ही घरी गेलो तेव्हा त्याची आई म्हणाली, "सर, तुमचं सगळं खरं आहे. पण सात तारखेला घरमालक दारात उभा राहतो, त्याला मी काय सांगू?" आमच्यापाशी त्याचे उत्तर नव्हते. चहा घेऊन आम्ही परत आलो.

दोन वर्षांनी तो रस्त्यात भेटला. काय काम करतोस, असे विचारले. धागे कापणे, फ्रेमवर कापड चढवणे, माल उचलून ठेवणे, हेच पहिल्या दिवशीचे काम तो अजून करत होता. मशीन शिकलास का, या प्रश्नावर त्याने मान हलवली. "मशीनला हात लावू देत नाहीत, सर." दोन वर्षांत त्याच्या हाती पगार आला, पण हुन्नर आला नाही आणि दहावीही राहिली.

त्या दिवसापासून आम्ही या विषयाची माहिती जमवत आहोत. पैसे मिळवत एखादे काम शिकणे आणि त्याच वेळी दहावी पुरी करणे, हे दोन्ही जमते का? जमते. पण त्याचे रस्ते आधी माहीत हवेत. या लेखात ते क्रमाने पाहू.

१. मदतनीस आणि शिकाऊ उमेदवार

आपण बोलताना 'कामाला लागला' असे सगळ्यांनाच म्हणतो. पण त्यात दोन वेगळे प्रकार आहेत.

मदतनीस म्हणजे पडेल ते काम करणारा. त्याला मजुरी मिळते. त्याला काही शिकवले पाहिजे, असे बंधन मालकावर नसते.

शिकाऊ उमेदवार, म्हणजे ज्याला आपण ॲप्रेंटिस म्हणतो, तो ठरलेल्या मुदतीत ठरलेला व्यवसाय शिकण्यासाठी आलेला असतो. त्याचा लेखी करार असतो. त्याला विद्यावेतन, म्हणजे स्टायपेंड, मिळते. मुदत संपल्यावर त्याची परीक्षा होते आणि प्रमाणपत्र मिळते. मालकाने त्याला शिकवणे हे या कराराचे मुख्य कलम असते.

ओळखण्याची खूण सोपी आहे. सहा महिन्यांनी मुलाला विचारावे, "तुला आज असे काय येते, जे पहिल्या दिवशी येत नव्हते?" त्याला सांगता आले पाहिजे. ज्याला काही सांगता येत नाही, तो पगारावर असेल, पण शिकत नाही.

२. आपल्या लोकांनी हे आधी केले आहे

काम आणि शाळा एकत्र आणण्याचा विचार परदेशातून आलेला नवा विचार आहे, असे कोणी समजू नये.

बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड मूळचे नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचे. त्यांनी १८९० साली बडोद्यात कलाभवन ही हुन्नर शिकवणारी संस्था सुरू केली. तिची धुरा ज्यांनी वाहिली ते प्रा. त्रिभुवनदास गज्जर आपल्या सुरतेचे, सुतारकाम करणाऱ्या समाजात जन्मलेले. रंगाई, यंत्रकाम, सुतारकाम यांसारखे विषय तिथे देशी भाषांतून शिकवावेत, असा त्यांचा आग्रह होता. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके हेही काही काळ कलाभवनात शिकले.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली सातारा जिल्ह्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. गरीब घरची मुले वसतिगृहात राहत, शेतात व बांधकामावर राबत आणि त्या श्रमावर शिकत. 'कमवा आणि शिका' हे शब्द मराठी घरांत पोहोचले ते या संस्थेमुळे. १९४० साली साताऱ्यात याच तत्त्वावर माध्यमिक शाळा निघाली. तिला नाव दिले महाराजा सयाजीराव हायस्कूल. येथे मुलाची कमाई थेट त्याच्या शिक्षणाच्या खर्चात जात असे, आणि कामाची वेळ शाळाच ठरवत असे. म्हणून काम वाढले आणि शाळा सुटली, असा प्रसंग सहसा येत नसे.

महात्मा गांधींनी ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरवली आणि हस्तोद्योगाच्या आधाराने शिक्षण देण्याची योजना मांडली. तीच 'नई तालीम'. पुढे फेब्रुवारी १९३८ मध्ये काँग्रेसने या बुनियादी शिक्षणाचे तत्त्व स्वीकारले, ते आपल्याच सुरत जिल्ह्यातील हरिपुरा अधिवेशनात. या योजनेचा तपशील डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने तयार केला. त्या समितीने एक धोकाही स्पष्ट लिहून ठेवला होता. कमाईवर फार भर दिला तर शिक्षण बाजूला पडेल आणि मुलांकडून जास्तीत जास्त काम काढून घेणे एवढेच उरेल, असा तो धोका. आमच्या त्या विद्यार्थ्याच्या बाबतीत नेमके हेच झाले.

अलीकडचे उदाहरण पुणे जिल्ह्यातील पाबळच्या विज्ञान आश्रमाचे. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अमेरिकेत डॉक्टरेट मिळवलेले शास्त्रज्ञ. मोठ्या कंपनीतील संशोधनाची नोकरी सोडून त्यांनी १९८३ साली पाबळला हा आश्रम सुरू केला. तेथून निघालेल्या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुले आठवड्यातून एक दिवस हाताने काम करतात. यंत्रकाम, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य असे त्याचे चार भाग आहेत. मुले गावातल्या लोकांची कामेही करून देतात आणि त्यांचे पैसे घेतले जातात. लोखंडी जाळी करताना माप घ्यावे लागते, काटकोन पाहावा लागतो, मालाचा खर्च काढून भाव सांगावा लागतो. म्हणजे भूमिती आणि हिशेब दोन्ही होतात. पाबळचे काम मुलाला वर्गापासून दूर नेत नाही, ते वर्गातलाच धडा असते.

३. कायदा काय सांगतो

आता आजच्या नियमांकडे येऊ. पालकांनी हा भाग सावकाश वाचावा.

शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ सालचा आहे. त्यात २०१४ साली मोठा बदल झाला आणि २०१९ साली नियम सुधारले. त्यातील उपयोगाच्या गोष्टी अशा :

• उमेदवाराचे वय किमान १४ वर्षे पूर्ण हवे. धोक्याच्या उद्योगात ते १८ हवे.
• करार लेखी हवा आणि त्याची सरकारी नोंदणी हवी. मुलगा अज्ञान असेल तर करारावर पालकाची सही लागते. म्हणजे वाचून पाहण्याचा हक्क आणि जबाबदारी तुमची आहे.
• २०१९ च्या नियमांनी किमान विद्यावेतन असे ठरवले : पाचवी ते नववी शिकलेल्यास महिना ५,००० रुपये, दहावी झालेल्यास ६,०००, बारावी झालेल्यास ७,०००. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी त्यात वाढ असते. दर वेळोवेळी बदलतात, म्हणून सही करण्यापूर्वी चालू दर विचारावा.
• ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला ठरावीक प्रमाणात उमेदवार घ्यावेच लागतात. केंद्र सरकारने २०१६ साली सुरू केलेल्या योजनेत विद्यावेतनाचा काही भाग सरकार उचलते. त्यामुळे छोट्या कारखानदारालाही उमेदवार घेणे परवडू शकते.
• काम करताना इजा झाली तर भरपाई मिळते.
• मुदत संपल्यावर नोकरी दिलीच पाहिजे, असे बंधन मालकावर नसते. हे आधीच समजून घ्यावे, नंतर वाईट वाटून घेऊ नये.

दुसरा कायदा बालकामगारविषयक, १९८६ चा. तो २०१६ साली सुधारला. १४ वर्षांखालील मुलाला कामावर ठेवणे गुन्हा आहे. घरच्या उद्योगात शाळेनंतर किंवा सुट्टीत हातभार लावण्यापुरती सवलत आहे, पण तिथेही काम धोक्याचे नसावे. १४ ते १८ वयाच्या मुलांना धोक्याच्या कामावर ठेवता येत नाही. इतर कामातही तीन तासांनंतर एक तास विश्रांती द्यावी लागते, विश्रांती धरून सहा तासांपेक्षा जास्त वेळ ठेवता येत नाही, आणि संध्याकाळी ७ ते सकाळी ८ या वेळेत काम देता येत नाही.

हे वाचले तेव्हा आम्हाला तो मुलगा आठवला. त्याची रात्रपाळी कायद्यातच बसत नव्हती. आम्ही वर्गात झोपल्याबद्दल त्याला बोललो. त्याच्या बाजूने कायदा आहे, हे आम्हालाच माहीत नव्हते.

४. खरी अडचण वेळेची

शाळा सोमवार ते शनिवार. कारखानाही सोमवार ते शनिवार. शिकाऊ उमेदवाराचे तास आस्थापनेप्रमाणे ठरतात, म्हणजे बहुधा पूर्ण दिवस. एकच मुलगा एकाच वेळी दोन ठिकाणी कसा असेल?

जर्मनीत ही अडचण देशभराच्या व्यवस्थेने सोडवली आहे. तिथे शाळेचा पहिला टप्पा संपवलेला तरुण आठवड्याचे तीन-चार दिवस कारखान्यात व एक-दोन दिवस व्यवसाय-शाळेत जातो. हे साधारण दोन ते साडेतीन वर्षे चालते. मालक विद्यावेतन देतो आणि शाळेत जाण्यासाठी त्याला मोकळे सोडणे मालकाला भागच असते. आपल्याकडे अशी व्यवस्था सरसकट नाही. म्हणून आपल्याला उपलब्ध सोयींतून वाट काढावी लागते. त्या वाटा अशा :

पहिली वाट : मुक्त विद्यालय. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था १९८९ साली सुरू झाली. वय १४ पूर्ण असेल तर माध्यमिकला, म्हणजे दहावीला, नाव घालता येते. पाच विषय उत्तीर्ण व्हायचे असतात. ते एकदम द्यावे लागत नाहीत. नोंदणी पाच वर्षे चालते, परीक्षा वर्षातून दोनदा होते, आणि एकेक-दोन-दोन विषय सोडवत जाता येते. दुसऱ्या मान्य मंडळाच्या परीक्षेत उत्तीर्ण झालेले दोन विषयांपर्यंतचे गुण इथे धरून घेण्याची सोय आहे. माध्यमिकसाठी मराठी आणि गुजराती दोन्ही माध्यमे आहेत. दिवसा उमेदवारी करणाऱ्या मुलाला ही वाट सर्वांत सोयीची. पण रोज घरी तासभर अभ्यास करण्याची शिस्त लागते, आणि तेथेच मुले मागे पडतात.

दुसरी वाट : रात्रशाळा. मुंबईत गिरणी, गोदी, दुकाने यांत काम करणाऱ्यांसाठी रात्रशाळांची जुनी परंपरा आहे. दिवसभर राबून हजारो लोक तिथून दहावी झाले. पण रात्रशाळा दिवसाच्या कामाला जोडता येते, रात्रपाळीला नाही. आणि दिवसभर थकलेल्या मुलासाठी ती अवघड आहे, हे मान्य केले पाहिजे.

तिसरी वाट : आयटीआय आणि मग उमेदवारी. वेल्डर, वायरमन, प्लंबर, सुतार अशा काही व्यवसायांना आठवी उत्तीर्ण चालते. फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियन यांना दहावी लागते. आपल्या शहरात मजुरा गेटला सरकारी आयटीआय आहे. आयटीआयनंतर कारखान्यात विद्यावेतनावर उमेदवारी करून राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळवता येते. आठवीवरून आयटीआय केलेल्याने शालेय शिक्षण संपले असे समजू नये. मुक्त विद्यालय आणि केंद्राचे प्रशिक्षण महानिदेशालय यांच्यात २०१६ साली झालेल्या करारामुळे आयटीआयच्या विद्यार्थ्याला दहावी-बारावीची समकक्षता मिळवण्याची सोय झाली. त्यासाठी भाषेचा व इतर काही विषयांचा अभ्यास करावा लागतो. आणि दहावीनंतर दोन वर्षांचे आयटीआय केलेल्यास डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची वाट आहे, तिला आपल्याकडे 'सी टू डी' म्हणतात.

चौथी वाट : शाळेतच काम आणणे, साताऱ्याप्रमाणे किंवा पाबळप्रमाणे. याविषयी शेवटी विश्वस्त मंडळींशी बोलू.

५. पैशाचा हिशेब

केवळ उपदेश करून भागत नाही, कारण घरमालक सात तारखेला येतोच. म्हणून हिशेब मांडू. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत.

समजा, खात्यावर मदतनीस मुलाला महिना १०,००० रुपये मिळतात. वर्षाचे १,२०,००० झाले. शिकाऊ उमेदवाराला ५,००० प्रमाणे वर्षाचे ६०,००० मिळतील. तूट ६०,००० रुपयांची. गरीब घराला ही रक्कम लहान नाही. पालक पहिला रस्ता का धरतात, हे यावरून कळते. त्यांना शिक्षणाचे महत्त्व कळत नाही, असे म्हणणे बरोबर नाही.

आता पुढचे पाहा. मदतनीसाचे काम दहा वर्षांनीही तेच राहते. उलट चाळिशीनंतर अंग थकते आणि तरुण मुलगा त्याची जागा घेतो. कारागिराचे तसे नसते. वायरमनला खाते बंद पडले तरी दुसरीकडे काम मिळते, तो स्वतःची कामे घेऊ शकतो. मंदीत हिऱ्याच्या घंट्या थांबल्या, लूम बंद पडले, असे प्रसंग आपल्या शहराने पाहिले आहेत. तेव्हा हातात दुसरा हुन्नर नसलेल्यांनाच गावची गाडी धरावी लागली.

आणि दहावीचे मोल? वरच्या नियमांत नववी आणि दहावी यांच्यात महिना १,००० रुपयांचा फरक आहे, म्हणजे वर्षाचे १२,०००. पण मोठा फरक पुढे आहे. मोठ्या कंपन्या उमेदवार घेताना बहुधा दहावी किंवा आयटीआय झालेलाच मुलगा पाहतात. पांडेसरा, सचिन, हजिरा इथे फिटर-इलेक्ट्रिशियन म्हणून जायचे तर दहावीचा कागद हाती हवा. त्यामुळे आमचा सल्ला असा, की शाळेत येणे शक्य आहे तोवर दहावी आधी पुरी करावी. ज्या घराला ते खरोखर अशक्य आहे, त्याने नाव काढतानाच मुक्त विद्यालयाचा अर्ज भरावा. 'पुढे बघू' म्हणून सोडलेली दहावी परत हाती येणे फार कठीण, हे आम्ही पुष्कळ मुलांच्या बाबतीत पाहिले आहे.

६. कोणी काय करावे

विद्यार्थ्यांनी : कामाला लागायची वेळ आलीच तर मित्र कुठे जातो एवढेच पाहू नका. तिथे काय शिकायला मिळेल, ते विचारा. शिकलेले रोज वहीत लिहा. आणि काही झाले तरी न सांगता शाळा सोडू नका. आम्ही रागावू, या भीतीने लपून राहू नका. आता आम्ही आधी ऐकून घेतो.

पालकांनी : मुलाला ठेवताना मालकाला चार प्रश्न विचारा. काय शिकवणार? किती दिवसांत? करार आणि प्रमाणपत्र आहे का? परीक्षेच्या दिवसांत रजा मिळेल का? जो मालक या प्रश्नांवर चिडतो, त्याच्याकडे मुलगा शिकेल अशी आशा कमी. मुलींच्या बाबतीतही हेच विचारा. घरी बसून साड्यांना टिकल्या लावणारी मुलगी दिवसाचे काही रुपये मिळवते. पण शिवणकाम, संगणकावर नक्षी तयार करणे, रुग्णसेवा यांचे रीतसर शिक्षण घेतलेल्या मुलीचे पुढचे आयुष्य वेगळे असते.

विश्वस्त मंडळींनी : आमच्या तीन नम्र सूचना आहेत. एक, शाळा सुटल्यावर एक वर्ग रात्री ८ ते ९ उघडा ठेवावा. मुक्त विद्यालयाची तयारी करणाऱ्या मुलांना बसायला जागा, दिवा आणि एक शिक्षक मिळावा. खोलीत सहा जण झोपतात तिथे मुलगा अभ्यास करणार कुठे? दोन, आपल्या समाजातील ज्यांची वर्कशॉप, गॅरेज, दुकाने, युनिट आहेत त्यांची यादी करून नोंदणीकृत उमेदवार घ्या, अशी त्यांना विनंती करावी. तीन, वर मांडलेली ६०,००० ची तूट आठवावी. तिचा निम्मा भाग, ३०,००० रुपये, संस्थेने उचलला तर एका मुलाचे एक वर्ष वाचते. पाच मुलांचे दीड लाख. इतर खर्चांशी ताडून पाहून यावर एकदा बैठकीत विचार व्हावा.

त्या माउलीच्या प्रश्नाला आज आम्ही पूर्ण उत्तर देऊ शकू, असे म्हणत नाही. पण रिकाम्या हाताने चहा घेऊन परत येणार नाही, एवढे नक्की. अर्ज, पत्ते आणि चालू वर्षाचे नियम आम्ही शाळेच्या कार्यालयात ठेवले आहेत. शनिवारी शाळा सुटल्यावर कोणीही येऊन विचारावे.

स्वाध्याय (पालकांसोबत बसून करावा)

१. आपल्या गल्लीतील काम करणाऱ्या तीन माणसांना विचारा : तुम्ही हे काम कोणाकडून, किती दिवसांत शिकलात? शिकताना पैसे मिळत होते का?
२. मदतनीस आणि शिकाऊ उमेदवार यांतील तीन फरक लिहा.
३. पंधरा वर्षांच्या मुलाला रात्री नऊ ते सकाळी सहा कामावर ठेवले आहे. यात कायद्याच्या कोणकोणत्या गोष्टी मोडल्या गेल्या?
४. एका मुलाने मुक्त विद्यालयाच्या पाच विषयांपैकी दर परीक्षेला दोन विषय दिले व तो प्रत्येक वेळी उत्तीर्ण झाला. परीक्षा वर्षातून दोनदा होते. त्याची दहावी कितव्या परीक्षेला पुरी होईल?
५. तुमच्या वर्गातला कोणी शाळा सोडण्याच्या विचारात आहे का? त्याला हा लेख वाचायला द्या.